करडईचं फूल परंड्याला नेलं

साल एकोणीसशे चव्वेचाळीस, निजामाच्या सरकारी कागदावर फसली सन तेराशे त्रेपन्न. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर तीन यत्ता, त्यातली तिसरी अर्धीच. पंतोजींनी मला भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं, मी घराकडं तोंड केलं. तेव्हा माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, सापडणार नाही.

हे लिहितोय ते गावकऱ्यांमुळं. परंड्याला मी एकटा गेलो, पण काय झालं ते अणदुरात दहा जण दहा तऱ्हेनं सांगतात. कुणी म्हणतं मल्हारबाला, म्हणजे मला, तिथल्या ड्रॉइंग मास्तरनं हाकलून दिला. कुणी म्हणतं मल्हारबा मास्तरच्या अंगावर धावून गेला. दोन्ही खोटं. ज्यांनी वेशीबाहेरचा नाला ओलांडला नाही त्यांनी परंड्याचं सांगू नये. मी सांगतो.

अणदूर

आमच्या गावच्या डॉक्टरसाहेबांच्या बागेत मी तोवर बावीस वर्षं माळीकाम करत आलो होतो. निजाम सरकारची नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा एक पेटीचा कॅमेरा घेऊन आले होते. डोळे अधू झाल्यावर तो माझ्या हातात दिला. म्हणाले, "मल्हारी, आता तू बघ." तेव्हापासून मी बघतोय.

बागेतल्या गुलाबा-शेवंतीचा फोटो मी कधी काढला नाही. ती मीच लावलेली, मीच पाणी पाजलेली. त्यांचा फोटो काढायचा म्हणजे आपली पाठ आपणच थोपटायची. मी शेतातली फुलं धरली. जवस, कापूस, हरभरा, करडई. करडईकडं आपले लोक बघतात ते तेलासाठी, जवसाकडं चटणीसाठी. फूल असतं हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, आणि दुपारी जवसाची निळी पाकळी गळून पडली की संपलं.

पेटीचा कॅमेरा माणसांसाठी केलेला. सहा पावलांवरचा माणूस त्याला नीट दिसतो, नाकाजवळचं फूल नुसता डाग दिसतो. म्हणून मी डॉक्टरांचं काटे काढायचं भिंग मेणानं त्याच्या तोंडाला चिकटवलं. मग अंतराची पंचाईत. भिंगापासून फूल किती लांब धरावं? पंधरा फोटो वाया गेल्यावर कळलं, माझी एक मूठ. मूठ आडवी धरायची, एका बाजूला भिंग, दुसऱ्या बाजूला फूल, मग मूठ काढून घ्यायची. करंगळीएवढं जास्त झालं की गेलं. कॅमेऱ्याच्या वरच्या खिडकीतून बघायचं नाही, कारण खिडकी भिंगाच्या दोन बोटं वर आणि फूल मुठीएवढं जवळ. खिडकीत पुरतं दिसलेलं फूल कागदावर मुंडकं उडालेलं येतं. त्यापुढचं काम वाऱ्याचं. तो थांबेपर्यंत गुडघ्यावर बसायचं. श्वास धरायचा.

डॉक्टरसाहेब वारले आणि त्यांचे चिरंजीव हैदराबादेहून घरातल्या वस्तूंची विल्हेवाट लावायला आले. आम्ही त्यांना धाकटे साहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, पण घाईत असतो.

"मल्हारबा, सोलापूरचा एक स्टुडिओवाला कॅमेरा मागतोय. तुमच्याकडंच आहे ना?"

"हाय. मोठ्या साहेबांनी दिलाय मला."

"दिला म्हणजे वापरायला दिला असेल. तसा काही कागद आहे?"

"कागद न्हाय. त्यांची जीभ व्हती."

ते हसले. म्हणाले, "हे बघा, परंड्याला वडलांचे मित्र आहेत, ड्रॉइंग मास्तर होते. चित्रातलं त्यांना कळतं, मला नाही. तुमच्या फोटोंत काही आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर कॅमेरा तुमचा. नाहीतर परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणून द्यायचा. कबूल?"

"कबूल," म्हणालो. नाही म्हणायला मला कुणाची भीती नव्हती, पण मोठ्या साहेबांच्या मागं त्यांच्या ओसरीवर कज्जा नको होता.

घरी येऊन गाठोडं बांधलं. सहा फोटो निवडले, तळव्याएवढे. मुडपू नयेत म्हणून खाली एक बिघडलेला फोटो आधाराला घातला. कॅमेराही घेतला, आत रीळ होतं. आठातले सात काढून झालेले, एक शिल्लक. लढाईमुळं रीळ मिळत नव्हतं, हे शेवटचं. आमच्या मंडळींनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

"करडई दावाया इतक्या लांब चाललाय," ती म्हणाली. "तिकडं पिकत न्हाय व्हय?"

"पिकती. पर तिकडं बी कुणी बघितली नसंल."

तुळजापूर

कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार नळदुर्गाच्या पुढं दोनदा बंद पडली, ते सांगत बसत नाही. पण तुळजापुरात देवीचं दर्शन घेऊन बाहेर आलो तर पायऱ्यांच्या बाजूला एक फोटोवाला रंगवलेला पडदा लावून बसलेला. पडद्यावर तळं, हंस आणि राजवाडा. पुढं तिपाईवर कागदी फुलांची कुंडी. यात्रेकरू यायचा, कुंडीवर हात ठेवून उभा राहायचा, फोटोवाला म्हणायचा, "हलू नका, देवीची आण हाय."

मी त्याला म्हणालो, "अहो, देवळाबाहेर खऱ्या फुलांचे ढीग पडलेत. कागदाची कशाला?"

"खरी फुलं संध्याकाळी माना टाकतात बाबा. ही गेल्या दसऱ्यापासून ताठ हाईत."

त्याला माझे फोटो दाखवले. उलटेसुलटे करून बघितले त्यानं. "यात माणूस कुठाय?"

"माणूस फोटू काढतुया."

"मग त्याला कोन बघनार?" असं म्हणून त्यानं पुढचं गिऱ्हाईक कुंडीपाशी उभं केलं. मी फोटो पुन्हा गाठोड्यात बांधले. पडद्यापुढं मात्र उभा राहिलो नाही.

हद्दीवरचा नाका

धाराशिव, मग येडशी, तिथून अरुंद रुळांच्या धाकट्या रेल्वेनं बार्शी. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, परंडा पुन्हा निजामाच्या. मधे नाका. माझी बैलगाडी तिथं थांबली आणि एक जमादार बाहेर आला. धिप्पाड, मेंदी लावलेली दाढी.

"बड़े मियाँ, पेटी में क्या है?"

"कॅमेरा."

"खोलो."

"उघडता येत न्हाय. आत रीळ हाय. उजेड लागला तर सात फोटू मरतील."

"सरकारी हुकूम है. पेटी बंद करके कोई नहीं जाता."

मी कॅमेरा मांडीवर घेतला आणि नाक्याच्या दगडावर बसलो. गाडीवान म्हणाला, "आजोबा, उघडा की, मला सांजेच्या आत परतायचंय." मी म्हणालो, "तू जा." तो गेलासुद्धा.

ऊन कलेपर्यंत मी बसलो. जमादार दोनदा बाहेर येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "क्या चाहते हो तुम?"

"तुम्हाला बघायचं हाय ना? बघा. पर अंधारात बघा. ही माझी घोंगडी हाय. खोलीचं दार लावू, दोघं घोंगडीखाली बसू. म्या उघडतो, तुमी हात घालून चाचपा. अफू लागली हाताला तर मला बेडी घाला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी एखाद्या बैलाला शेरवानी घालायला सांगितली. पण मग आत जाऊन स्वतःची घोंगडीही घेऊन आला. दार लावलं, झरोक्यात पोतं कोंबलं. दोन घोंगड्यांखाली आम्ही दोन म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी पेटी उघडली, त्याचा हात धरून आत घातला.

"ही चाकी. ही दुसरी चाकी. ही मधली पट्टी, हिला बोट लावू नगा."

"और ये?"

"त्यो माझा अंगठा हाय."

त्याला आधी हसू आलं, मग लोकरीनं शिंका आल्या. चार शिंका दिल्या, पण पेटी बंद होईपर्यंत घोंगडी उचलली नाही. हे मी त्याच्या नावावर मांडून ठेवलंय. हुकमाचा माणूस होता, पण दुसऱ्याचं काम मारणारा नव्हता.

मग चहा सांगितला आणि म्हणाला, "अब दिखाओ, ऐसा क्या है." मी करडईचा फोटो दिला. पिवळं-नारिंगी फूल, अर्थात कागदावर काळं-पांढरं. एका कोपऱ्यात फूल, त्याच्या गळ्याभोवती काटे, मागं एक वाळलेलं बोंड. त्यानं अंगठा फोटोवर ठेवला आणि लगेच उचलला. मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

"हमारे वालिद बांध पर लगाते थे," तो म्हणाला. "ढोर नहीं घुसता था."

त्या दिवशी गाडी मिळाली नाही. मी तिथंच मुक्काम केला. त्यानं दिलेली डाळ आणि माझी कडक भाकर. कडक भाकर त्याला पापडासारखी वाटली, दोन खाल्ल्या.

परंडा

परंड्याचा किल्ला बघा. खंदक एवढा रुंद की आमची आख्खी गल्ली आडवी झोपेल. बुरजाच्या फटीतून रुईचं झुडूप बाहेर आलेलं, त्याला फुलं होती. मी बराच वेळ खाली उभा राहिलो. एक फोटो शिल्लक होता आणि फूल दोन पुरुष उंचीवर. ते राहिलं.

मास्तरांचं घर खंदकाच्या पलीकडच्या आळीत. सत्तरीचे, बारीक, स्वच्छ धोतर, हैदराबादच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेली. डॉक्टरसाहेब गेल्याचं ऐकून डोळे पुसले. मला पाटावर बसवून जेवायला वाढलं. आमच्याकडं आमटी शेंगदाण्याच्या कुटाची, तिकडं येसराची. येसर म्हणजे डाळी-धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. अशी झणझणीत की पहिल्या घासाला कान गरम झाले. मी पाणी मागितलं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिखट लागतंय का?" मी म्हणालो, "न्हाय." आणि दुसरी वाटी घेतली. ती घ्यायला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चांगला उजेड आल्यावर मास्तरांनी फोटो मांडले. शेजारचे एक वकील गप्पा मारायला आले होते, तेही बसले. मास्तरांनी पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे आणले आणि ते फोटोवर ठेवून इकडंतिकडं सरकवायला लागले. तुकडे सरकले की माझा फोटो लहान व्हायचा. कडेची पानं जायची, काटे जायचे, फूल तेवढं राहायचं.

"बघा," मास्तर करडईच्या फोटोवर म्हणाले, "असं हवं. फूल मधोमध. तुम्ही कोपऱ्यात का ढकललं?"

"त्याचं तोंड उजवीकडं हाय. तिकडं जागा सोडलीया. माणसाच्या नाकापुढं कुणी भिंत घालतं व्हय?"

"आणि हे वाळलेलं बोंड? फोटो काढण्याआधी खुडून टाकायचं."

"ते त्याचा थोरला भाऊ हाय. आधी फुललं, आधी वाळलं. एका ताटावरचं हाय."

वकील हसले. मास्तर हसले नाहीत. "मल्हारबा, चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. नको ते काढून टाकणं हीच कला."

"नको ते कुनी ठरवायचं?"

"ज्याला कळतं त्यानं."

कापसाच्या फुलाचा फोटो घेतला. म्हणाले, "मागची काडी थेट फुलाच्या डोक्यातून निघालीय. शिंग फुटल्यासारखं दिसतंय." ते खरं होतं. दिवाळीपासून तो फोटो माझ्याकडं होता आणि मला ते शिंग दिसलं नव्हतं. समोरच्याचं खरं असलं की मी बोलत नाही, आणि ते आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

जवसावर त्यांनी मान हलवली. "बरं आहे. पण बी-बियाणाच्या दुकानात लावायचा नमुना वाटतो." असे सहाही झाले. मी गाठोडं आवरायला हात पुढं केला, तोवर त्यांनी खालचा सातवा उचलला. आधाराला घातलेला. हरभऱ्याचा.

तो उजेडाकडं धरून त्यांनी नीट बघितला. पुठ्ठ्याचे तुकडे उचलले आणि तसेच खाली ठेवून दिले.

"वकीलसाहेब, इकडं या. हे पाहा. पहाटेचं धुकं. फूल धुक्यातून उगवतंय. कडा कशा विरघळल्यात. विलायतेत यासाठी भिंगापुढं जाळी लावतात, म्हाताऱ्यानं कशी साधली कोण जाणे." मग माझ्याकडं वळले. "मल्हारबा, हा एक फोटो पुरे आहे. दौत आणतो." आणि आतून दौत-टाक आणून चिठ्ठी लिहायला बसले सुद्धा.

आता खरं सांगतो. तेवढ्या वेळात कॅमेरा माझा झाला होता. धाकटे साहेब चिठ्ठी वाचतायत, मान डोलावतायत, हे मला दिसत होतं. मी फक्त बसून राहायचं होतं.

"मास्तर, त्यो फोटू गणतीत न्हाय," मी म्हणालो.

टाक थांबला. "म्हणजे?"

"बिघडलेला हाय. धुकं न्हाय ते, आंब हाय."

वकील मूळचे शहरातले, त्यांना आंब माहीत नव्हती. त्यांना सांगितलं. हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे आंबट दहिवर साठतं, त्याला आंब म्हणतात. आमच्याकडं बायका त्यावर फडकं पसरून ती टिपतात आणि बाटलीत भरून ठेवतात, पोटदुखीवर चालते. त्या पहाटे मी हरभऱ्यात गुडघ्यावर बसलो होतो. धोतर आंबेनं भिजलं होतं. भिंगावर थेंब उडाला म्हणून मी धोतराच्या सोग्यानं पुसलं, म्हणजे होता त्याच्या दहापट आंब काचेवर फासली. ऊन वर आल्यावर बघितलं तर भिंग मोतीबिंदू झाल्यासारखं. शेतात जन्म गेलेल्या माणसानं असली चूक केली म्हणून चार दिवस मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वकील म्हणाले, "म्हणजे कला धोतरानं केली."

मास्तर म्हणाले, "कशानं का होईना. झालं कसं याला काय करायचंय? चांगलं झालं हे मी म्हणतोय."

"मग चिठ्ठी माझ्या धोतराच्या नावानं लिवा."

"मल्हारबा, चेष्टा पुरे."

"चेष्टा न्हाय मास्तर. मला जे दिसलं ते ह्यात न्हाय. हरभऱ्याच्या पाकळीवर जांभळ्या शिरा असत्यात, केसाएवढ्या. त्या धरायला म्या बसलो हुतो. ह्यात एक बी न्हाय. करडईत म्या जे बघितलं ते हाय. लिवायचं तर करडईवर लिवा."

"करडईवर मी लिहिणार नाही. तीस वर्षं शिकवलं ते खोटं ठरेल."

"मग माझं बी तसंच हाय."

वकील मधे पडले. "अहो बाबा, कॅमेरा हवाय ना? मग घ्या की चिठ्ठी. धोतराचं कोण विचारतंय तिकडं?"

"म्या विचारतुया."

मास्तरांनी चिठ्ठी पुरी केली. सही केली. घडी घालून माझ्यापुढं ठेवली. त्यांचा आवाज खाली आला होता. "डॉक्टर मला लिहायचे तुमच्याबद्दल. म्हणायचे, माळी गुणी आहे पण वाकत नाही. घ्या. त्यांच्यासाठी घ्या."

हे मात्र लागलं. मी उठलो, मास्तरांच्या पाया पडलो. चिठ्ठी तशीच ओट्यावर राहू दिली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला. हरभऱ्याचा फोटोही तिथंच ठेवला. त्यांना आवडला होता, त्यांनी ठेवावा. करडई घेऊन मी निघालो.

परत

वाटेत वाईट वाटलं का, असं विचाराल तर वाटलं. आगगाडीच्या खिडकीबाहेर येडशीपर्यंत दोन्ही बाजूंनी करडई फुललेली होती आणि मी तिच्याकडं बघितलं नाही. त्याआधी नाक्यावर जमादारही दिसला नव्हता. तुळजापुरात उतरलो नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मंडळींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"खोटं बोला म्हनलं नव्हतं कुनी," ती म्हणाली. "तोंड उघडायचंच नव्हतं. नुसतं मिटून बसायचं हुतं."

"तेच जमत न्हाय मला."

"चाळीस वरसं बघतीया," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत उठलो. कोमट पाण्यात फडकं भिजवून भिंग पुसलं, मग तिच्या जुन्या लुगड्याच्या कोरड्या पदरानं पुन्हा पुसलं. तोच पदर भिजू नये म्हणून डोक्याला बांधला, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि नाल्याकाठच्या हरभऱ्यात जाऊन बसलो. पौष संपत आला होता, घाटे धरले होते. शेवटची फुलं शोधावी लागली. एक सापडलं. त्याच्या बाजूला किड्यानं भोक पाडलेलं पान होतं, ते राहू दिलं. मागं काडी येत होती, तेव्हा मी दोन बोटं डावीकडं सरकलो. तेवढं मास्तरांचं घेतलं. मूठ धरली, काढली. वारा थांबायला वेळ लागला. पाकळीवरच्या शिरा मी मोजू शकत होतो तेव्हा कळ दाबली.

तिथून तसाच डॉक्टरांच्या घरी गेलो. धाकटे साहेब ओसरीवर चहा पीत होते. मी कॅमेरा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"चिठ्ठी?" ते म्हणाले.

"मास्तर देत हुते. म्या घेतली न्हाय."

"का?"

"ती दुसऱ्याच फोटूची हुती. आत आठ फोटू हाईत, आठवा आत्ताचा. अंधारात काढा, कुणाकडनं तरी धुवून घ्या. आधी तुमी स्वता बघा, मग विका."

ते काहीतरी म्हणत होते, पण ऊन वर आलं होतं. मी विहिरीवर गेलो, मोट जुंपली आणि बागेला पाणी सोडलं.